हौसेचे तळे आणि मातीचा बांध: तपासणीची रीत

कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागायतीच्या, वरच्या अंगाला ओहोळ अडवून केलेले तळे, त्यात दोन-तीन पॅडल बोटी, काठावर झावळांनी शाकारलेली खोप आणि सुट्टीला आलेले पाहुणे, हे दृश्य गोव्यात सत्तरीपासून काणकोणपर्यंत आता नवे राहिलेले नाही. या तळ्याला अडवून धरणारा मातीचा बांध मात्र बहुतेकांच्या नजरेला धरण म्हणून दिसतच नाही. तो बागेचा एक भाग, फार तर फिरायची वाट वाटतो. प्रत्यक्षात एक हेक्टर पसरलेल्या आणि सरासरी दोन मीटर खोल असलेल्या तळ्यात वीस हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी असते, आणि त्याचे वजन वीस हजार टन भरते. बांध फुटला तर हे पाणी अरुंद घळीतून खाली यायला मिनिटेच पुरतात.

हा लेख साधारण तीन ते आठ मीटर उंचीच्या बांधांच्या मालकांसाठी, व्यवस्थापकांसाठी आणि पंचायतीतील जबाबदार मंडळींसाठी आहे. अभियंत्याच्या तपासणीला तो पर्याय नाही. मात्र अभियंता वर्षातून एकदा येतो आणि बांध वर्षभर तिथेच असतो, म्हणून रोजची नजर मालकाचीच लागते. या नजरेच्या आड येणारी गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. हौसेच्या तळ्याच्या मालकाला तळे सदैव काठोकाठ भरलेले हवे असते, तर बांधाला पावसाळ्याच्या तोंडावर ते थोडे रिकामे हवे असते. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतील बऱ्याच या एका ओढाताणीतून जन्माला येतात.

आधी खालची बाजू ओळखावी

तपासणीची सुरुवात बांधावर न करता बांधाच्या खाली एक-दोन किलोमीटर चालून करावी. वाटेत घरे किती, रस्त्यावरची मोरी किती रुंद, शाळा किंवा अंगणवाडी कुठे, रात्री माणसे झोपतात अशा मजुरांच्या खोपी कुठे, हे कागदावर मांडावे. बांधाचा धोका त्याच्या उंचीवरून जेवढा ठरतो, त्याहून अधिक तो खाली कोण राहते यावरून ठरतो. दहा वर्षांपूर्वी खाली फक्त शेत होते आणि आज तिथे चार घरे आहेत, तर बांध तोच असूनही जोखीम बदललेली असते.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या काही विशिष्ट अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. त्यामुळे आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत ते बांध त्यातून सुटतात. कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची केली ती मोठ्या धरणांसाठी. छोट्या बांधाच्या मालकाने तीच रीत आपणहून पाळायला काही हरकत नसावी. ओहोळ किंवा नाला अडवलेला असेल, तर बांधाची उंची वाढवणे किंवा सांडवा, म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर सोडणारी वाट, बदलणे अशा कामांपूर्वी जलस्रोत खात्याशी बोलून घ्यावे. लहान मातीच्या धरणांच्या आराखड्यासाठी भारतीय मानक १२१६९ आहे, आणि ज्या अभियंत्याला काम सोपवायचे त्याला ते माहीत असले पाहिजे.

केव्हा पाहावे

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, म्हणून तपासणीचे वेळापत्रकही या पावसाशीच बांधावे लागते. पहिली मोठी फेरी मे महिन्याच्या मध्याला करावी, म्हणजे मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येण्यापूर्वी दुरुस्तीला दोन-तीन आठवडे हाताशी राहतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, आणि हवामान खात्याने अत्यंत मुसळधार पावसाचा, म्हणजे चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाचा इशारा दिला असेल तर त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ बांध पाहावा.

सर्वांत उपयोगी फेरी मात्र दसऱ्यानंतरची. तेव्हा तळे भरलेले असते आणि आकाश कोरडे झालेले असते, त्यामुळे उतारावर दिसणारी ओल पावसाची की तळ्याची हा जुलैत न सुटणारा प्रश्न आपोआप सुटतो. या फेरीपूर्वी गवत घोट्याइतके कापून घ्यावे, कारण चवथीच्या सुमारास बांधावर कंबरेइतके वाढलेले रान सारे काही झाकून टाकते. माझ्या पाहण्यातील एका बांधावरचा गंभीर पाझर कोणा अभियंत्याने शोधला नव्हता. गवत कापणाऱ्या बाईने "इथे पाय रुततो" असे सांगितले, तेव्हा तो कळला.

फेरी कशी मारावी

सोबत मोजपट्टी, टोकदार काठी, काचेची स्वच्छ बाटली, वही, खुणेचे खुंटे आणि फोटो काढण्यासाठी फोन असावा. फोटो दर वेळी त्याच जागेवरून काढावेत. त्यासाठी रंगवलेले चिरे कायमचे रोवून ठेवल्यास चार वर्षांचे फोटो एकापुढे एक ठेवता येतात. तळ्यात मोजपट्टी रंगवलेला खांब हवा, कारण पाण्याची पातळी लिहिलेली नसेल तर बाकीच्या कोणत्याही नोंदीला अर्थ उरत नाही.

प्रथम माथ्यावरून चालावे. माथ्याच्या एका टोकाला उभे राहून कडेची रेघ डोळ्याने पाहिली, की कुठे खचले आणि कुठे वाकले ते बऱ्याचदा कळते. शंका आली तर गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, दर दहा मीटरवर उंची मोजावी. पंधरा सेंटिमीटरचा खड्डासुद्धा महत्त्वाचा, कारण पूर आला तर पाणी तिथूनच आधी ओलांडते आणि तिथेच बांध कापते. माथ्यावरील भेगांमध्ये फरक करायला शिकावे. उन्हाळ्यात मातीला पडणाऱ्या बारीक, उथळ, जाळीदार भेगा वाळण्याच्या असतात. बांधाच्या लांबीला समांतर जाणारी, एक कड खाली बसलेली भेग उतार घसरू लागल्याची सूचना असू शकते. पाण्याकडून कोरड्या बाजूकडे आडवी जाणारी भेग सर्वांत वाईट, कारण ती पाण्याला आयती वाट देते. कोणतीही भेग लगेच बुजवून टाकू नये. आधी दोन्ही टोकांना खुंटे ठोकून लांबी, रुंदी आणि काठी जाईल तेवढी खोली लिहावी, वर प्लास्टिक अंथरून पाऊस आत शिरू देऊ नये, आणि अभियंत्याला बोलवावे. वरवर माती लिंपलेली भेग दिसायची बंद होते, एवढेच.

पाण्याकडील उतारावर लाटांनी खाल्लेली पायरी, निसटलेले पिचिंगचे, म्हणजे उतारावर बसवलेल्या अस्तराचे, दगड आणि म्हशी उतरून पडलेल्या वाटा पाहाव्यात. ही बाजू एप्रिल-मेमध्ये पातळी खाली गेल्यावर नीट दिसते, तेव्हाच पाहावी.

यानंतर पाण्याकडे पाठ करावी. सगळे जण तळ्याकडे तोंड करून उभे राहतात. तपासणाऱ्याचा बहुतेक वेळ मात्र कोरड्या उतारावर आणि त्याच्या पायथ्याशी गेला पाहिजे. उतारावर वरून खाली नागमोडी, दोन वाटांमध्ये चार-पाच मीटरपेक्षा अधिक अंतर न ठेवता चालावे. आजूबाजूपेक्षा गर्द हिरवे गवत, आळूसारखी ओलाव्यावर वाढणारी झाडे, पाय रुतणारी जागा, तांबूस गाळाचा थर, फुगलेला पायथा आणि कमानीच्या आकाराने खाली सरकलेली माती या खुणा होत. बांध जिथे दोन्ही बाजूंच्या डोंगराला मिळतो, त्या सांध्यांवर विशेष थांबावे. आपल्याकडे हे सांधे बहुधा जांभ्यात असतात. जांभा वरून कठीण दिसला तरी आतून पोकळ्यांनी भरलेला असतो आणि त्याच्याखालची मऊ, पांढरट-गुलाबी माती पाण्याने सहज धुपते. म्हणून आपल्याकडे पाणी बांधातून येण्याऐवजी बांधाला वळसा घालून, पायथ्यापासून बऱ्याच अंतरावरसुद्धा झऱ्यासारखे फुटू शकते. "हा झरा पूर्वीपासूनच आहे" असे कोणी सांगितले तर ते खरे असू शकते. पण तळे उतरल्यावर तो झराही आटतो का, हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

एक खास हौसेच्या तळ्यांवरचा प्रकार येथेच सांगतो. कोरड्या उतारावर हिरवळ लावून तिला तुषार सिंचनाने पाणी देण्याची पद्धत दिसायला सुंदर आहे आणि तपासणीच्या दृष्टीने घातक आहे, कारण कायम ओल्या उतारावर पाझर ओळखणार कसा? तिथे पावसावर वाढणारे आणि उन्हाळ्यात करपणारे स्थानिक गवतच ठेवावे.

पाझर मोजणे

मातीचा प्रत्येक बांध थोडा पाझरतो. प्रश्न पाझर आहे की नाही हा नसून, तो वाढतो आहे का आणि तो माती घेऊन येतो आहे का, हा आहे. यासाठी पायथ्याला एक छोटा चर काढून सारा पाझर एका जागी आणावा आणि वरून येणारे पावसाचे पाणी वेगळ्या चरातून बाजूला वळवावे. धार बारीक असेल तर दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजले तरी पुरते. धार मोठी असेल तर चरात नव्वद अंशांची इंग्रजी व्हीसारखी खाच असलेला पत्रा बसवावा आणि खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच आहे ते, पत्र्याच्या तीस-चाळीस सेंटिमीटर मागे, मोजावे. ही उंची पाच सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर पाणी जात असते. दहा सेंटिमीटर असेल तर सुमारे साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक वाढतो, हे माहीत नसलेला माणूस "पाच सेंटिमीटरच तर वाढले" म्हणून निश्चिंत राहतो.

प्रत्येक मोजणीसोबत तारीख, तळ्याची पातळी आणि आदल्या दोन दिवसांचा पाऊस लिहावा. पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा काही कारण नसताना एकाएकी थांबला, तर दोन्ही गोष्टी चिंतेच्या आहेत; थांबलेले पाणी आत कुठे तरी साचून दुसरी वाट शोधत असू शकते. त्याच वेळी बाटली भरून रात्रभर स्थिर ठेवावी. सकाळी तळाशी मातीचा थर बसलेला दिसला, तर बांधाच्या आत नळीसारखी पोकळी कोरली जात असण्याची शक्यता गृहीत धरून त्याच दिवशी अभियंत्याला बोलवावे आणि पातळी उतरवायला सुरुवात करावी.

पाझर कुठे फुटतो ते सापडतच नसेल, तर उन्हाळ्यात एक सोपा हिशेब करता येतो. एक बादली पाण्याने भरून तळ्याच्या काठाशी, तिचा काठ पाण्याच्या थोडा वर राहील अशी बसवावी, आणि आठवडाभरात बादलीतील पाणी व तळ्याचे पाणी किती उतरले ते मोजावे. बादलीतील घट बाष्पीभवनाची. तळ्याची घट त्याहून जितकी अधिक, तितके पाणी अन्यत्र जाते आहे. एक हेक्टरच्या तळ्यात हा फरक दिवसाला पाच मिलिमीटर निघाला, तर रोज पन्नास हजार लिटर पाणी कुठे तरी वाहते आहे, आणि ते कुठे वाहते हे शोधलेच पाहिजे. बागेसाठी पंप चालत असेल तर तो अर्थातच हिशेबात धरावा.

पाझराची जागा चिखलाने, सिमेंटने किंवा प्लास्टिकने बंद करणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत मोठी चूक. पाणी अडवायचे ते आतल्या बाजूने. बाहेरच्या बाजूने त्याला फक्त गाळून बाहेर पडू द्यायचे असते. म्हणून पाझरावर आधी जाड रेती, तिच्यावर बारीक खडी आणि तिच्यावर मोठी खडी असे थर द्यावेत, म्हणजे पाणी येत राहते आणि माती जागेवर थांबते.

सांडवा

मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले तर बांध टिकत नाही. सारे जास्तीचे पाणी सांडव्यातूनच गेले पाहिजे. साळावली धरणाचा डकबिल सांडवा पाहायला पावसाळ्यात माणसांची रीघ लागते, पण आपल्या तळ्याचा सांडवा किती पाणी नेऊ शकतो हे त्यांतल्या तळेमालकांना विचारले तर उत्तर मिळणे कठीण.

ढोबळ हिशेब घरीही करता येतो. तळ्यात ज्या उतारांचे पाणी येते ते क्षेत्र चाळीस हेक्टर आहे, पाऊस ताशी शंभर मिलिमीटरच्या वेगाने पडतो आहे आणि भिजून गच्च झालेल्या जमिनीवरून त्याचा सत्तर टक्के भाग वाहून येतो, असे धरू. क्षेत्र, पावसाचा वेग आणि ०.७ यांच्या गुणाकाराला ३६० ने भागले की सेकंदाला सुमारे ७.८ घनमीटर पाणी येते. सपाट, रुंद सांडव्याच्या दर मीटर रुंदीतून साठ सेंटिमीटर खोलीने सुमारे ०.७९ घनमीटर पाणी जाते, म्हणजे दहा मीटर रुंद सांडवा लागेल आणि त्या पुराच्या पातळीच्या वरही बांधाचा माथा कोरडा राहिला पाहिजे. मी निदान अर्धा मीटर तरी पाहतो. हा हिशेब केवळ शंका घेण्यासाठी आहे. आकडा काठावर आला तरी पुराचा नीट अभ्यास अभियंत्याकडून करून घ्यावा.

आता ऑक्टोबरात तळे फुगलेले दिसावे म्हणून सांडव्यावर तीस सेंटिमीटरच्या फळ्या किंवा रेतीच्या गोण्या ठेवल्या आणि त्या जूनपर्यंत काढल्या नाहीत, तर काय होते ते पाहा. उरलेल्या तीस सेंटिमीटर खोलीतून दर मीटरला केवळ ०.२८ घनमीटर पाणी जाते, म्हणजे खोली निम्मी झाली आणि वहनक्षमता जवळजवळ एक तृतीयांशावर आली. बंधाऱ्यांना पावसाळा संपल्यावर फळ्या घालणे आणि पावसाळ्यापूर्वी काढणे ही रीत आपल्या शेतकऱ्यांना पाठ आहे, खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतील, मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दारे भरती-ओहोटीनुसार सांभाळणारी माणसेही आपल्याकडे आहेत. तळ्याच्या मालकाने तीच शिस्त घ्यावी. पंधरा मे ही फळ्या काढण्याची शेवटची तारीख धरावी आणि तसे वहीत लिहावे.

फळ्यांइतकीच वाईट गोष्ट म्हणजे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बांधलेली जाळी. पहिल्याच जोरदार पावसात पालापाचोळा, झावळा आणि प्लास्टिक तिच्यावर अडकून तिची भिंत होते. मासे गेलेले परवडतील. सांडव्याच्या वाटेत खोप, टेबले किंवा गाड्यांचा तळही नको, आणि सांडव्याचे पाणी खाली उतरताना बांधाचा पायथा खात नाही ना, हे दर पावसाळ्यानंतर पाहावे.

बांधातून जाणारे पाईप

बांधात कुठेही पाईप असेल तर तो संशयित मानावा, कारण पाईपच्या गोल अंगाखाली माती नीट ठोकता येत नाही आणि पाणी त्याच्या कडेने वाट काढते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले, त्याआधी विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडणाऱ्या मार्गाच्या, वरचा भराव खचत गेला होता, हे येथे आठवावे. पाईपच्या रेषेवर माथ्यावर किंवा उतारावर खळगा दिसला, पाईपच्या बाहेरच्या तोंडाभोवती ओल दिसली किंवा झडप बंद असतानाही आतून गढूळ पाणी आले, तर थांबू नये. झडप फक्त खालच्या टोकाला असेल तर बांधाच्या पोटातील पाईपमध्ये सतत दाब राहतो. गंजलेल्या लोखंडी पाईपला एक छिद्र पडले तरी तो दाब मातीत शिरतो. वरच्या तोंडालाही बंद करण्याची सोय असावी, आणि झडप वर्षातून दोनदा पूर्ण उघडून-बंद करून पाहावी, नाहीतर गरजेच्या रात्री ती हलत नाही.

बागेला पाणी हवे म्हणून प्लंबरकडून बांध खणून नवा पाईप टाकून घेण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी माथ्यावरून जाणारा वक्रनलिका पद्धतीचा पाईप, म्हणजे सायफन, घालता येतो. पाण्याच्या पातळीपासून माथा फार उंच नसेल तर तो चांगला चालतो आणि आणीबाणीत पातळी उतरवायलाही उपयोगी पडतो.

झाडे, बिळे आणि हौसेची बांधकामे

शेताच्या बांधावर माड लावणे ही आपली जुनी सवय आणि तिथे ती योग्यच आहे. तळ्याच्या बांधाची गोष्ट वेगळी. वादळात माड उन्मळला तर मुळांसोबत बांधाचा घास जातो, आणि मेलेल्या झाडाची मुळे कुजली की त्यांच्या जागी नळ्या राहतात. ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे वितीएवढी असतानाच उपटावीत. मोठे झालेले झाड मात्र आपल्या मनाने तोडू नये: गोव्यात त्यासाठी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि मुळांचे काय करायचे हे अभियंत्याने सांगितल्याशिवाय तोडणे बांधाच्या हिताचेही नसते.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली आणि नंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याचे विधान झाले, त्याची पुष्कळ थट्टा झाली. खेकडे, घुशी, साळिंदर आणि वाळवी बांध पोखरतात हे खरेच आहे. पण बिळे एका रात्रीत होत नाहीत, आणि तिवऱ्याच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. दिसलेले प्रत्येक बीळ नोंदवून, उन्हाळ्यात शेवटापर्यंत खणून, बांधाच्याच प्रकारच्या ओलसर मातीने थराथराने ठोकून भरावे. साळिंदर किंवा घोरपड असेल तर वन खात्याला कळवावे, त्यांना इजा करू नये.

बोटींच्या धक्क्याचे खांब, दिव्यांचे पाये, विजेच्या तारांचे चर आणि पर्यटकांच्या बससाठी माथ्यावर केलेला वाहनतळ ही सारी बांधाच्या अंगात मारलेली भोके किंवा त्याच्या पाठीवर टाकलेले ओझे आहे. धक्का तरंगता ठेवावा किंवा तो बांध सोडून नैसर्गिक काठाला बांधावा. पोहणाऱ्यांना आणि बोटींना सांडव्यापासून व पाईपच्या तोंडापासून दूर ठेवणारी तरंगती दोरी आणि मराठी, कोकणी, हिंदी व इंग्रजीतील फलक लावावेत.

आणीबाणी आली तर

गढूळ पाझर एकाएकी वाढणे, माथ्यावर नवा खळगा पडणे, उतार सरकणे, तळ्यात भोवरा दिसणे किंवा पाणी माथ्याला टेकणे, यांपैकी काहीही दिसले तर पहिला फोन खालच्या घरांना आणि दुसरा ११२ किंवा १०१ ला करावा. त्यानंतर पंचायत, मामलेदार कार्यालय आणि जलस्रोत खाते. खात्री करून घेऊन मग सांगू, असे म्हणत थांबू नये. पावसाच्या रात्री नेटवर्क जाते, म्हणून कोणत्या घराला कोण धावत जाऊन सांगणार हे मे महिन्यातच ठरलेले असावे, आणि देवळाच्या किंवा चर्चच्या घंटेचा इशाऱ्यासाठी उपयोग करायचा असेल तर तेही आधी बोलून ठेवावे.

माणसे सुरक्षित झाल्यावर, आणि बांधावर जाणे धोक्याचे नसेल तरच, सांडव्यातील अडथळे काढावेत, झडप व सायफन उघडावेत. पायथ्याशी उकळल्यासारखे पाणी फुटत असेल तर त्याभोवती रेतीच्या गोण्यांचे कडे रचून आत पाणी स्वच्छ होईपर्यंत चढू द्यावे, मात्र पूर्ण अडवू नये. पाणी माथा ओलांडू लागले की कोणीही, आणि कोणतेही यंत्र, बांधावर असता कामा नये. एरवी तळे उतरवताना दिवसाला तीस सेंटिमीटरपेक्षा अधिक वेग ठेवू नये, कारण पाणी झपाट्याने गेले की भिजलेला आतला उतार आधार सुटून घसरतो; जिवावर बेतले असेल तेव्हा मात्र हा नियम बाजूला ठेवून जितके जमेल तितके पाणी सोडावे. दुरुस्तीनंतर तळे भरतानाही एक मीटर भरून आठवडाभर थांबावे, पायथ्याचा पाझर मोजून वहीत लिहावा, आणि आकडा स्थिर राहिला तरच पुढचा मीटर भरू द्यावा.